मोठ्या आतड्याचा कॅन्सर: सीईए आणि एमएमआर तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघाला की आठवडाभरात घरच्यांच्या हाती कागदांचा गठ्ठा जमतो. त्यात सीईए, एमएमआर, केआय-६७, केआरएएस अशी नावं असतात आणि त्यांच्यापुढे एखादा आकडा, नाहीतर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. पेशंटचं पुढे कसं राहील याचा अंदाज या मार्करांवरून, म्हणजे रक्तातल्या किंवा गाठीतल्या खुणांवरून, काही अंशी बांधता येतो. पण तपासणी चुकीच्या दिवशी झाली, तुकडा नीट जपला गेला नाही किंवा रिपोर्ट उलटा वाचला, तर तोच मार्कर दिशाभूल करतो. राहून गेलेल्या काही गोष्टी नंतर कितीही पैसे घातले तरी परत मिळत नाहीत.

हे लिखाण धावपळ करणाऱ्या माणसासाठी आहे: गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून किंवा बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंटला घेऊन नागपुरात आलेला मुलगा, मुलगी, जावई, पुतण्या. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट किंवा धंतोली-रामदासपेठेतलं खासगी रुग्णालय, उपचार कुठेही चालू असोत, क्रम हाच राहतो. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर खात्रीचा कागद ठेवणं हे आपलं काम.

१. पहिल्याच दिवशी: एक फाइल, एक वही

फाइलमध्ये कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट (गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे हे त्यात लिहिलेलं असतं), सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि त्याची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. मूळ कागद कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या.

वहीत सहा रकाने आखा: तारीख, लॅबचं नाव, तपासणीची पद्धत, आकडा, एकक आणि त्या दिवशी पेशंट उपचारांच्या कोणत्या टप्प्यावर होता. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि पुढे अर्थ लावताना सगळ्यात जास्त गरज त्याचीच पडते. 'केमोचा दुसरा डोस होऊन १० दिवस', 'ताप होता', 'कावीळ होती' एवढं लिहिलं तरी पुरतं.

औषधांची यादीही याच वेळी करा. केस-नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम. काही यंत्रांवर त्यामुळे रक्तातलं सीईए खोटंच कमी दिसतं. अशी गोळी चालू असेल तर लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा.

२. उपचार सुरू होण्याआधी सीईए

सीईए हे रक्तात मोजलं जाणारं प्रोटीन आहे. बहुतेक लॅब ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो मुळातच थोडा जास्त असतो. लॅबच्या फॉर्मवर नुसतं 'तंबाखू' लिहू नका. विडी-सिगारेट की खर्रा, हे वेगळं लिहा, कारण सीईए वाढण्याचा पक्का संबंध धुराशी आहे.

हे रक्त ऑपरेशन, रेडिएशन किंवा केमो यांतलं काहीही सुरू होण्याआधी द्यायचं. उपाशीपोटी राहायची गरज नाही. ऑपरेशनआधीचं वाढलेलं सीईए त्याच स्टेजच्या इतर पेशंटांपेक्षा धोका थोडा जास्त असल्याचं सांगतं. पुढच्या पाच वर्षांतला प्रत्येक आकडाही याच आकड्याशी ताडून बघितला जातो.

सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे घाईत ऑपरेशन होतं आणि सीईए आठ दिवसांनी आठवतं. आतडं अडकून पेशंट रात्री कॅज्युअल्टीत आला असेल तर ऑपरेशनआधीच्या रक्तासोबत सीईएची नळीही घ्यायला सांगा. पिवळ्या किंवा लाल टोपणाची एक नळी पुरते.

इशारा: कावीळ, लिव्हरचा आजार, आतड्याची किंवा स्वादुपिंडाची सूज, थायरॉइडची कमतरता यांतही सीईए वाढतं. उलट बाजूने, पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या बऱ्याच पेशंटांत ते नॉर्मलच असतं. म्हणून 'कॅन्सर आहे का' हे पाहायला ही तपासणी करू नका. घरातल्या धडधाकट माणसांचं सीईए करून घेण्यातही अर्थ नाही.

३. तुकडा: पहिला तास आणि फॉर्मॅलिनची बरणी

पुढच्या सगळ्या मार्करांचा पाया इथे आहे. शरीरातून काढलेला तुकडा लगेच आतून कुजायला लागतो. आतड्याचं अस्तर त्यात सगळ्यांत आधी जातं, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तर फारच लवकर. प्रोटीन एकदा गेलं की नंतर तपासणीत वापरला जाणारा कोणताही रंग ते परत दाखवू शकत नाही.

बायोप्सीचे बारीक तुकडे निघाल्याबरोबर १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) गेले पाहिजेत. सलाइनमध्ये किंवा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवले तर ते सुकतात, फुगतात. ऑपरेशनमध्ये काढलेलं आतडंही एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवं.

तालुक्याच्या लहान नर्सिंग होममध्ये फॉर्मॅलिन तयार करावं लागतं आणि तिथेच माप चुकतं. बाजारात मिळणारं घट्ट फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं असतं. ते १ भाग आणि पाणी ९ भाग घेतलं की १० टक्के फॉर्मॅलिन होतं. एक लिटरसाठी १०० मिलिलिटर घट्ट फॉर्मॅलिन, ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) घ्यायचं. पीएच ७ च्या आसपास येतो. दोन्ही फॉस्फेट न घालता नुसतं पाणी मिसळलं तर मिश्रण हळूहळू आम्ल होतं आणि रंग नीट चढत नाहीत. घट्ट फॉर्मॅलिन तसंच ओतलं तर तुकडा बाहेरून कडक होतो आणि आत कच्चा राहतो.

फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. ते तासाला साधारण १ मिलिमीटर एवढ्याच गतीने आत शिरतं. वीतभर आतडं लोणच्याच्या बरणीत कोंबलं की ज्या बाजूला ते काचेला चिकटतं तिथे फॉर्मॅलिन पोचतच नाही. रुंद तोंडाचा, तीन ते पाच लिटरचा डबा लागतो. आतडं उभं चिरून ठेवायचं की तसंच, हे सर्जनने पॅथॉलॉजिस्टशी बोलून ठरवायचं. गुदाशयाच्या गाठीत चुकीच्या जागी चीर गेली तर कडा मोकळ्या आहेत का हे कळत नाही. नातेवाइकांनी डबा उघडूच नये.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये. शुक्रवारी संध्याकाळचं ऑपरेशन आणि सोमवारी दुपारी लॅब, हे गणित काठावर येतं. मध्ये सुट्टी आली तर आधीच लॅबला फोन करून ठेवा.

तपासून घ्या: नाव, वय, तुकडा कुठला आणि तारीख ही चिठ्ठी डब्याच्या अंगावर आहे ना? झाकणावरची चिठ्ठी झाकण बदललं की दुसऱ्याच पेशंटची होते. तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहिली आहे ना? डबा सरळ उभा, दुहेरी पिशवीत आहे ना? त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, म्हणून बंद गाडीत सांडला तर आधी काचा उघडा.

४. ब्लॉक: मेणातला पुरावा

लॅब तुकडा मेणात बसवून ब्लॉक करते. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची चौकट, त्यात पांढरं मेण, मेणात तपकिरी-करडा तुकडा आणि चौकटीच्या तिरक्या कडेवर कोरलेला नंबर. पुढच्या तपासण्या यातूनच पातळ काप काढून होतात. एका ऑपरेशनचे दहा-वीस ब्लॉक असतात आणि सगळ्यांत गाठ नसते. मागताना 'जास्तीत जास्त गाठ आणि शेजारी थोडं नॉर्मल अस्तर असलेला ब्लॉक द्या' असं पॅथॉलॉजिस्टला सांगा. नॉर्मल अस्तर कशाला हवं ते पुढच्या टप्प्यात येईल.

ब्लॉकऐवजी नुसते रंग न दिलेले काप हातात ठेवले तर ते किती जुने आहेत ते विचारा. काप करून ठेवल्यावर आठवडे-महिने गेले की प्रोटीनचा रंग फिका पडत जातो. ब्लॉकमध्ये ते जास्त टिकून राहतं.

इशारा: हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. ब्लॉक मऊ पडला की तुकडा हलतो, नंतर कापच निघत नाही. ब्लॉक डबीत, डबी पिशवीत आणि पिशवी अंगाजवळ ठेवा. फ्रीझरची गरज नाही, सावली पुरते.

देताना आणि घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा आणि पोच घ्या. काम झालं की ब्लॉक परत मागा. दोन वर्षांनी नवी तपासणी करायची वेळ आली तर हाच लागतो.

५. एमएमआर: चार प्रोटीन, उपचारांआधीच्या तुकड्यावर

एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रोटीनं पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करतात. रिपोर्टवर ती इंग्रजी अक्षरांत असतात. आयएचसी या रंगाच्या तपासणीत ती पेशीच्या केंद्रकात तपकिरी दिसतात. आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये ही तपासणी व्हायला हवी, पेशंट तरुण असो की म्हातारा.

ती उपचारांआधीच्या बायोप्सीवर करा. एक कारण तांत्रिक आहे: रेडिएशन आणि केमोनंतर एमएसएच६ चा रंग फिका पडू शकतो आणि रिपोर्ट संदिग्ध येतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. ही दुरुस्ती बंद पडलेल्या गुदाशयाच्या गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे उपचार) फार चांगली लागू पडते, आणि काही पेशंटांचं ऑपरेशनही टळतं. ऑपरेशन झाल्यावर हे कळून काय उपयोग?

आता वाचायचं कसं. इथे लोक हमखास उलटं वाचतात.

चारही प्रोटीनं दिसली तर 'इंटॅक्ट' किंवा 'रिटेन्ड' लिहितात. म्हणजे दुरुस्ती चालू आहे. याला पीएमएमआर म्हणतात आणि एमएसएस याचा अर्थ जवळजवळ तोच. एखादं प्रोटीन दिसत नसेल तर 'लॉस' लिहितात. तो डीएमएमआर, म्हणजेच एमएसआय-हाय. निगेटिव्ह म्हणजे 'काही निघालं नाही, सुटलो' असं इथे नसतं. निगेटिव्ह म्हणजे प्रोटीन गायब. आणि ते गायब असणं ही सरसकट वाईट बातमीही नव्हे. दुसऱ्या स्टेजमध्ये डीएमएमआर पेशंटांचं पुढचं भवितव्य चांगलं असतं आणि नुसत्या ५-एफयू जातीच्या केमोचा त्यांना फायदा दिसत नाही. चौथ्या स्टेजमध्ये तोच निकाल इम्युनोथेरपीचं दार उघडतो. आतड्याच्या सगळ्या कॅन्सरांत डीएमएमआर साधारण १५ टक्के असतात, चौथ्या स्टेजमध्ये ४-५ टक्के.

ही प्रोटीनं जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ ही जातं. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं. त्यामुळे दोन 'लॉस' दिसले म्हणजे दोन आजार असं समजू नका. पीएमएस२ किंवा एमएसएच६ मात्र एकटंही जाऊ शकतं.

तपासून घ्या: रिपोर्टमध्ये 'इंटर्नल कंट्रोल' चांगला आल्याचं लिहिलंय का? गाठीशेजारच्या नॉर्मल अस्तरात आणि लिम्फोसाइट पेशींत रंग आला आणि गाठीत आला नाही, तरच तो खरा लॉस. शेजारीही रंग नसेल तर तुकडा खराब झालाय. मग दुसऱ्या ब्लॉकवर तपासणी पुन्हा करायची. तिसऱ्या टप्प्यातली फॉर्मॅलिनची चूक बाहेर पडते ती इथे.

एमएलएच१ आणि पीएमएस२ गेले असतील तर पुढची पायरी बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल किंवा एमएलएच१ मिथिलेशन (एमएलएच१ चं जनुक बंद पडलंय का) तपासणं. बीआरएएफमध्ये तो बदल सापडला तर आजार बहुधा आनुवंशिक नाही. बाकीच्या प्रकारांचं दहाव्या टप्प्यात पाहू.

सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर ब्लॉक बाहेर पाठवण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्याला) विचारा. आधी पैसे भरून नंतर विचारलं की गुंता होतो.

६. ऑपरेशनचा रिपोर्ट: आधी स्टेज, मग मार्कर

भवितव्याचा सगळ्यांत मोठा भाग अजूनही स्टेज ठरवते. म्हणून रिपोर्ट वरून खाली वाचा: गाठ भिंतीत किती खोल गेली (टी), किती लिम्फ नोड (आतड्याजवळच्या लसिका गाठी) तपासले आणि त्यांतल्या किती नोडांत आजार आहे (एन), कडा मोकळ्या आहेत का, रक्तवाहिन्यांत आणि मज्जातंतूंभोवती शिरकाव आहे का, ट्यूमर बडिंग (गाठीच्या कडेला सुटे पडलेले पेशींचे बारीक पुंजके) किती आहे.

नोड १२ पेक्षा कमी तपासले असतील तर थांबा. 'एकाही नोडमध्ये आजार नाही' हे ५ नोड पाहून म्हटलेलं आणि १८ पाहून म्हटलेलं यांत फार फरक आहे. उरलेल्या चरबीतून आणखी नोड शोधता येतील का, हे लॅबला लगेच विचारा. तो भाग लॅब कायम ठेवत नाही.

बाकीचे मार्कर थोडक्यात. केआय-६७ चा आकडा (किती टक्के पेशी वाढण्याच्या टप्प्यात आहेत) ६० किंवा ८० टक्के पाहून घरात रडारड होते. आतड्याच्या अस्तरातून होणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमात त्यावर उपचार ठरत नाहीत. तो महत्त्वाचा असतो न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींत. पी५३ या प्रोटीनवरही उपचार ठरत नाहीत. सीडीएक्स२ हे प्रोटीन गेलेलं असेल तर गाठ जास्त आक्रमक असण्याकडे कल असतो, डॉक्टरांना विचारण्याजोगी ही गोष्ट आहे. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ ही जनुकं आणि हर२ हे प्रोटीन यांचा मुख्य उपयोग आजार पसरलेला असताना होतो. केआरएएस किंवा एनआरएएसमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅब-पॅनिटुमुमॅब ही औषधं सहसा देत नाहीत. पसरलेल्या आजारात बीआरएएफ व्ही६००ई हा वाईट खूण मानला जातो. पहिल्या स्टेजला या सगळ्यांवर हजारो रुपये घालवायची गरज नसते.

७. ऑपरेशननंतरचं सीईए: घाई करू नका

सीईए रक्तातून निम्मं व्हायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. आधी ४० होतं आणि निम्मं व्हायला ७ दिवस लागतात असं धरलं, तर गाठ पूर्ण निघूनही आठवड्याने २०, दोन आठवड्यांनी १० आणि तीन आठवड्यांनी ५ दिसेल. पाचव्या दिवशी डिस्चार्जच्या वेळी काढलेलं २५ पाहून 'कॅन्सर राहिला' म्हणून घरचे घाबरतात, तो केवळ हिशेब असतो.

४ ते ६ आठवड्यांनी, केमो सुरू होण्याआधी तपासा. आधी वाढलेलं सीईए नॉर्मलवर आलं तर चांगली खूण. तेव्हाही वरच असेल तर कुठे आजार उरलाय का हे स्कॅन करून पाहावं लागतं. केमोची गरज असेल तर ती साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी, म्हणून ही तारीख वहीत आधीच लिहून ठेवा.

८. पुढची पाच वर्षं: एकच लॅब, एकच पद्धत

दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजनंतर पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी आणि मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर ६ महिन्यांनी सीईए, सोबत डॉक्टरांनी सांगितलेले सीटी आणि कोलोनोस्कोपी.

एक वेळ धंतोलीत, एक वेळ गावच्या कलेक्शन सेंटरवर, असं करू नका. वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचे वेगळे आकडे येतात. ३.१ वरून ४.६ झालेलं दिसतं आणि बदललेलं असतं फक्त यंत्र. लॅब बदलावीच लागली तर एकदा दोन्हीकडे त्याच दिवशी रक्त द्या आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. एककाची काळजी नको: नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर यांचा आकडा एकच असतो. घरून रक्त नेत असतील तर नळी थंड पेटीत ठेवतात ना, ते बघा.

सुरुवातीचं सीईए नॉर्मल होतं म्हणून तपासणी सोडू नका. आजार परतताना ते वाढू शकतं. आणि सीईए नॉर्मल आहे म्हणून कोलोनोस्कोपी टाळू नका. काही गाठी सीईए बनवतच नाहीत.

९. आकडा वाढला तर

पहिलं काम: वहीचा शेवटचा रकाना वाचा. ताप, कावीळ, पुन्हा सुरू झालेली विडी, की नवी केमो? ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध सुरू केल्यावर पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत सीईए काही काळ वर जाऊ शकतं.

दुसरं: दोन ते चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. ५ ते १० मधली वाढ बऱ्याचदा आपोआप खाली येते. सलग वाढत गेलं तर छाती, पोट आणि ओटीपोटाचं सीटी, गरजेप्रमाणे कोलोनोस्कोपी, आणि तरीही काही सापडलं नाही तर पेट-सीटी.

इशारा: फक्त सीईए वाढलंय म्हणून केमो सुरू करायची नसते. लिव्हर किंवा फुप्फुसातली एखादीच गाठ वेळेत सापडली तर ती काढता येते, आणि एवढ्या तपासण्या करायच्या त्या याचसाठी.

१०. घरातल्या बाकीच्यांचं

एमएसएच२-एमएसएच६ गेलेले, एकटं पीएमएस२ किंवा एमएसएच६ गेलेलं, किंवा एमएलएच१ गेलेलं असून बीआरएएफ आणि मिथिलेशन दोन्ही निगेटिव्ह: या तिन्ही वेळी लिंच सिंड्रोम, म्हणजे आनुवंशिक दोष असण्याची शंका घ्यायची. आधी पेशंटचीच रक्ताची जनुक तपासणी, जनुक समुपदेशकाशी बोलून. घरच्यांची आधी करून भागत नाही, कारण शोधायचं काय हेच माहीत नसतं. दोष सापडला की भावंडांनी आणि मुलांनी फक्त त्याच दोषाची तपासणी करायची. प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी असते.

कुळाची माहिती घेताना फक्त आतड्याचं विचारू नका. आत्या-मावशीला गर्भपिशवीचा कॅन्सर होता का, हेही विचारा, कारण लिंचमध्ये तो बायकांमध्ये बराच आढळतो. जुनी माणसं 'पोटात गाठ होती', 'अंगावरून जायचं' एवढंच सांगतात. तेही वय घालून लिहा. एमएलएच१ किंवा एमएसएच२ चा दोष असलेल्यांची कोलोनोस्कोपी २० ते २५ व्या वर्षापासून दर १-२ वर्षांनी करतात. घरात कुणाला २५ व्या वर्षाआधीच कॅन्सर झाला असेल तर त्या वयाच्या २ ते ५ वर्षं आधीपासून. पेशंटच्या एमएमआर रिपोर्टची एक झेरॉक्स आणि ब्लॉकचा नंबर प्रत्येक भावंडाकडे द्या. त्यांचे डॉक्टर पहिला प्रश्न याच कागदाबद्दल विचारतील.